शेतकरी कृषिमंत्री विल्यम मदरवेल

शेतकीचा कारभार ज्यांच्या हातीं असतो त्यांनीं स्वतः नांगराचें रुमणें धरिलेलें असावें, अशी इच्छा पुष्कळ लोक बोलून दाखवितात. पण तसा योग क्वचितच येतो. कॅनडा देशांत तो एकदां आला. विल्यम रिचर्ड मदरवेल हे गृहस्थ प्रथम शेतकरी, मग शेतकऱ्यांच्या संघाचे अध्यक्ष, नंतर प्रांताचे शेतकीमंत्री व शेवटीं सबंध देशाचे शेतकीमंत्री झाले. त्यांचें चरित्र येथें देतों तें केवळ त्यांची थोरवी गाण्यासाठीं नव्हे. कायदा झाला तरी तो अमलांत आणून घेणारा शेतकरी उभा राहिला नाहीं तर त्याचा नुसता कागदच उरतो, आणि असा शेतकरी उभा राहिला तर एक साधी नोंदवही केवढें काम करिते, हें त्यांच्या चरित्रांत स्पष्ट दिसतें. आमचें उभें आयुष्य महसूल खात्याच्या नोंदवह्या लिहिण्यांत गेलें. तेव्हां हा विषय आमच्या जिव्हाळ्याचा आहे, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

पूर्ववृत्त

मदरवेल यांचा जन्म १८६० सालच्या जानेवारीच्या ६ तारखेस, कॅनडाच्या पूर्वेकडील ऑन्टॅरिओ प्रांतांत, पर्थ गांवच्या परिसरांत एका शेतकरी कुटुंबांत झाला. ग्वेल्फ येथील शेतकी महाविद्यालयांतून ते १८८१ सालीं उत्तीर्ण झाले. शिकलेल्या मुलानें नोकरी धरावी, ही रीत तिकडेही होतीच. परंतु मदरवेल यांनीं पुढील वर्षींच पश्चिमेची वाट धरिली. आगगाडीनें जितकें जातां आलें तितकें ते गेले आणि तेथून पुढें बैलगाडीनें मजल दरमजल करीत क्वापेल नदीच्या खोऱ्याच्या उत्तरेस अॅबरनेथी म्हणून पुढें जें गांव वसलें तेथें पोहोंचले.

त्या वेळच्या जमिनीचा कायदा समजून घेण्यासारखा आहे. १८७२ च्या कायद्यानें कोणाही वसाहतवाल्यास दहा डॉलर फी भरून १६० एकर जमीन मागतां येत असे. मात्र तीन वर्षें तेथें राहून, घर बांधून व जमीन वहितीस आणून दाखविल्याखेरीज मालकीची सनद मिळत नसे. मदरवेल यांस ती १८८९ सालीं मिळाली. येथें एक गोष्ट सांगणें न्यायाचें होईल. ही भूमि निर्मनुष्य नव्हती. क्री, सोल्टो व असिनिबॉइन या मूळ जमातींचा तो मुलूख होता. १८७४ सालीं सरकारनें त्यांच्याशीं तह केला आणि त्यानंतर त्यांस ठराविक राखीव जागांत राहावें लागलें. वसाहतवाल्यांच्या हिंमतीची कथा वाचतांना ही दुसरी बाजू विसरूं नये.

ओलीचा हिशेब

अॅबरनेथीच्या आसपास वर्षाकांठीं पाऊस व बर्फ मिळून सुमारें पंधरा ते सतरा इंच पाणी पडतें. हिंवाळा पांच महिन्यांचा. कडाक्याच्या थंडीवांचूनचे दिवस जेमतेम शंभर. तेवढ्यांत गहूं पेरून, पिकवून, कापून घ्यावयाचा. आमच्या अवर्षणाच्या तालुक्यांतील वाचकांस या आंकड्यांचा अर्थ सांगावयास नको.

तेथील शेतकऱ्यांस ओल राखण्याची युक्ति योगायोगानें गवसली. १८८५ सालीं त्या मुलुखांत बंड झालें व शेतकऱ्यांचीं घोडीं आणि गाड्या लष्कराच्या वाहतुकीस लागल्या. अँगस मके नांवाच्या शेतकऱ्यास यामुळें आपल्या कांहीं जमिनींत वेळेवर पेरणी करितां आली नाहीं. ती त्यांनीं नुसती मशागत करून पड ठेविली. पुढील वर्ष दुष्काळाचें निघालें. सर्वत्र पिकें वाळलीं, पण मके यांच्या पड टाकलेल्या जमिनींत गहूं उभा राहिला. एका वर्षाचें पाणी जमिनींत सांठवून दुसऱ्या वर्षीं पिकास द्यावें, हें तत्त्व त्यांच्या ध्यानीं आलें. मके हे पुढें इंडियन हेड येथील सरकारी प्रयोगक्षेत्राचे प्रमुख झाले. मदरवेल यांनीं हीच पद्धत आपल्या शेतांत चालविली व शेजाऱ्यांस शिकविली.

त्यांच्या वस्तीची मांडणीही पाहण्यासारखी होती. घर, गोठा, भाजीचा मळा आणि तळें असे चार भाग त्यांनीं पाडले व वाऱ्याच्या बाजूंस झाडांच्या दाट रांगा लाविल्या. हिंवाळ्यांत वाऱ्याबरोबर उडणारें बर्फ त्या झाडांशीं अडून तेथेंच सांचे आणि वसंतांत तें वितळून तळ्यांत उतरे. आसपासच्या रानांतील व ओढ्यांतील दगड वर्षानुवर्षें गोळा करून त्यांनीं १८९७ सालीं दगडी घर बांधिलें. नांगराच्या आड येणारा दगड बांधावर फेंकून न देतां त्याचें घर करणारा हा मनुष्य होता.

वाघिणींची टंचाई

आतां मुख्य कथेकडे वळूं. गहूं पिकविणें एक आणि तो बाजारांत पोहोंचविणें दुसरें. पश्चिम कॅनडांतील गव्हास समुद्रापर्यंत हजारों मैलांचा प्रवास होता आणि त्या भागांत आगगाडीचा मार्ग बहुतेक एकाच कंपनीच्या हातीं होता. स्टेशनांवर धान्याचीं उंच कोठारें असत. त्यांस तिकडे एलेव्हेटर म्हणतात. शेतकऱ्याची गाडी खालीं रिकामी होई, पोहऱ्यांच्या माळेनें धान्य वर चढे आणि वरून तें मालगाडीच्या वाघिणींत ओतलें जाई. यंत्र उत्तम, परंतु कोठारें व्यापारी कंपन्यांचीं होतीं. अशीं मोठीं कोठारें बांधणाऱ्यांसच वाघिणी द्यावयाच्या, असें रेल्वे कंपनीनें धोरण धरिलें. मग वजन करणार कोठारवाला, प्रत ठरविणार तोच, कचऱ्याबद्दल कडता कापणार तोच आणि भाव सांगणारही तोच. शेतकऱ्यानें 'नको' म्हटलें तर गाडी परत वळवून घरीं नेण्याखेरीज त्यास गति नव्हती.

तक्रारी वाढल्या तेव्हां सरकारनें चौकशी आयोग नेमिला व १९०० सालीं 'मॅनिटोबा धान्य कायदा' केला. शेतकऱ्यास मालधक्क्यावरून आपलें धान्य परभारें वाघिणींत भरतां यावें, अशी त्यांत तरतूद होती. कायदा चांगला होता. पण वाघीण मिळेल तर ना धान्य भरावयाचें! १९०१ सालीं पाऊसमान उत्तम होऊन पीक अमाप आलें. वाघिणी अपुऱ्या पडल्या आणि ज्या आल्या त्या कोठारवाल्यांकडे गेल्या. हिंवाळा येऊन ठेपला तरी बरेंचसें धान्य शेतांत व तात्पुरत्या निवाऱ्यांत पडून राहिलें.

मदरवेल व त्यांचे शेजारी पीटर डेमन या दोघांनीं तेव्हां एक पत्रक काढून शेतकऱ्यांस इंडियन हेड येथें बोलाविलें. सभेचा दिवस त्यांनीं मोठ्या धोरणानें निवडिला. १९०१ च्या डिसेंबरच्या १८ तारखेस त्या गांवीं दोन मुख्य राजकारणी पुढाऱ्यांचा जाहीर वादविवाद व्हावयाचा होता व तो ऐकण्यास लांबलांबचे शेतकरी येणारच होते. त्याच गर्दीचा त्यांनीं उपयोग करून घेतला. या सभेंतून प्रादेशिक धान्योत्पादक संघ निघाला आणि मदरवेल त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

नोंदवहीचा खटला

संघानें काय मागितलें, तें लक्षांत घेण्याजोगें आहे. त्यांनीं भाव बांधून मागितला नाहीं कीं मदतीची याचना केली नाहीं. त्यांची मुख्य मागणी होती ती रांगेची. प्रत्येक स्टेशनावर एक नोंदवही असावी. वाघीण मागणाऱ्याचें नांव, मग तो शेतकरी असो वा कोठारवाला, मागणीच्या क्रमानें तींत लिहावें. आणि आलेली वाघीण त्याच क्रमानें द्यावी. १९०२ सालीं कायद्यांत तशी दुरुस्ती झाली.

त्याच वर्षीं पुन्हां पीक भरघोस आलें आणि रेल्वेनें नोंदवहीचा क्रम बाजूस ठेवून पूर्वीप्रमाणेंच कोठारवाल्यांस वाघिणी दिल्या. मदरवेल व डेमन विनिपेग शहरीं जाऊन कंपनीच्या अधिकाऱ्यांस भेटले. एवढ्यानें भागेना तेव्हां संघानें सिंटालुटा येथील स्टेशन एजंटावर फिर्याद गुदरली. सगळ्या देशांत जिचा दरारा, त्या कंपनीच्या माणसावर नांगरधाऱ्यांनीं खटला भरला, याचेंच लोकांस नवल वाटलें. न्यायालयानें एजंटास दोषी ठरवून पन्नास डॉलर दंड व खर्च बसविला. वरच्या न्यायालयांतही निकाल कायम राहिला.

पन्नास डॉलर ही त्या कंपनीच्या हिशेबीं कांहींच रक्कम नव्हती. परंतु त्या निकालानंतर स्टेशनावर जाऊन 'वही दाखवा, माझा क्रमांक कोणता?' असें विचारण्याचा अधिकार प्रत्येक शेतकऱ्यास प्राप्त झाला आणि विचारणाऱ्यास उत्तर देणें भाग पडूं लागलें.

येथें आमचा स्वतःचा एक अनुभव सांगितल्यावांचून राहवत नाहीं. एका तालुक्याच्या कचेरींत आम्ही आवक-बारनिशीच्या टेबलावर होतों. शेजाऱ्यानें ओघळ वळविल्यामुळें आपला बांध खचत असल्याची तक्रार घेऊन एक वृद्ध शेतकरी आमच्याकडे आले. पहिल्या दोन खेपांस त्यांनीं तोंडीच सांगितलें व आम्हीं 'पाहूं, साहेब दौऱ्यावर आहेत' असें म्हणून त्यांस वाटेस लाविलें. तिसऱ्या खेपेस ते लेखी अर्ज घेऊन आले आणि अर्जाच्या नकलेवर आवक क्रमांक, तारीख व आमची सही मागूं लागले. ती देतांक्षणींच तें प्रकरण आमच्या अंगावर आलें. त्याच दिवशीं टिपण लिहून आम्हीं तें वर पाठविलें. परंतु मधल्या काळांत वळवाचा एक जबर पाऊस होऊन बांध फुटला होता व त्यांची वीतभर माती ओढ्यास गेली होती. त्यांनीं आम्हांस एका शब्दानेंही दुखविलें नाहीं. पहिल्याच दिवशीं 'काका, लेखी द्या आणि पोच घ्या' एवढें सांगण्यास आमचें काय जात होतें, हा प्रश्न मात्र निवृत्तीनंतरही आमची पाठ सोडीत नाहीं. सिंटालुटाचा खटला वाचला तेव्हां आम्हांस ते वृद्ध गृहस्थच प्रथम आठवले.

मंत्रिपद

१९०५ सालीं सस्कॅचवान हा नवा प्रांत झाला व पहिले मुख्य मंत्री वॉल्टर स्कॉट यांनीं शेतकी खातें मदरवेल यांच्याकडे दिलें. त्याच वर्षीं त्यांच्या पत्नी अॅडेलाइन वारल्या. चार अपत्यांपैकीं दोन पूर्वींच बालपणीं गेलीं होतीं. वीस वर्षें माळरानावर ज्यांच्या साथीनें संसार उभा केला त्या पाठीमागें नाहींत, अशा स्थितींत त्यांनीं नव्या खात्याचा भार उचलिला. १९०८ सालीं त्यांनीं कॅथरीन गिलेस्पी यांच्याशीं विवाह केला. या बाईंनीं पुढें शेतकरी स्त्रियांच्या प्रश्नांत बरेंच लक्ष घातलें.

मंत्री या नात्यानें त्यांनीं जीं कामें केलीं त्यांत शिक्षणाचा भाग मोठा होता. बियाण्यांचीं प्रदर्शनें, नांगरटीच्या चढाओढी आणि गांवोगांवच्या शेतकी मंडळ्यांस साहाय्य, हा त्यांच्या खात्याचा नित्यक्रम असे. प्रांताच्या विद्यापीठांतच शेतकीचें महाविद्यालय असावें, निराळें दूर नसावें, या विचारानें तें सस्कॅटून येथें स्थापन झालें. १९१४ सालापासून जनावरें, अवजारें, बीं-बियाणें व व्याख्याते घेऊन 'सुधारलेल्या शेतीची आगगाडी' स्टेशनोस्टेशनीं फिरूं लागली. शेतकऱ्याचें धान्य नेण्यास वाघीण मिळत नव्हती, त्याच रुळांवर बारा-तेरा वर्षांनीं शेतकऱ्यास शिकविणारी गाडी धांवली.

कोठारांचा प्रश्न १९११ सालीं हातीं घेण्यांत आला. कोठारें सरकारनेंच बांधून चालवावीं, असा पुष्कळांचा आग्रह होता. तसें न करितां शेतकऱ्यांची सहकारी कोठार कंपनी काढण्यांत आली. भागीदार शेतकऱ्यांनीं भागाच्या रकमेपैकीं शेंकडा १५ आरंभीं भरावे व बांधकामासाठीं शेंकडा ८५ पर्यंत सरकारनें कर्ज द्यावें, अशी योजना होती. यांतील मर्म असें कीं पैसा मुख्यतः सरकारचा, पण कारभार व जबाबदारी शेतकऱ्यांची. पुढें १९२६ सालीं हीं कोठारें सस्कॅचवान गहूं संघ या शेतकऱ्यांच्याच मोठ्या सहकारी संस्थेनें विकत घेतलीं.

आपल्यांकडून पराभव

मदरवेल यांच्या आयुष्याचा कडू भाग आतां सांगतों. १९१८ सालीं महायुद्धाच्या लाटेंत प्रांतांतील शाळांतून फ्रेंच भाषेंत शिकविण्यावर कडक बंधनें घालण्याचें घाटत होतें. मदरवेल स्वतः इंग्रजी बोलणारे व प्रॉटेस्टंट पंथाचे. फ्रेंच भाषेशीं त्यांचा घरोबा नव्हता. तरीही अल्पसंख्य लोकांशीं हा अन्याय होतो, असें त्यांचें मत पडलें आणि पक्षाच्या इतर धोरणांशींही त्यांचें पटेनासें झालें. तेरा वर्षें सांभाळलेलें मंत्रिपद त्यांनीं सोडून दिलें.

पुढल्याच वर्षीं ते देशाच्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले. तेव्हां शेतकऱ्यांनीं जुने पक्ष झुगारून स्वतःचा उमेदवार उभा केला होता. ज्यांनीं शेतकऱ्यांचा पहिला संघ बांधला ते मदरवेल शेतकऱ्यांच्याच उमेदवाराकडून सपशेल पडले. त्या वेळीं त्यांचें वय एकुणसाठ होतें. दुसरा कोणी असता तर घरीं बसला असता. १९२१ च्या निवडणुकींत ते रिजायना शहरांतून पुन्हां उभे राहिले. प्रांताच्या सोळा जागांपैकीं पंधरा नव्या शेतकरी पक्षानें जिंकल्या. सोळावी मदरवेल यांची. मुख्य प्रधान मॅकेंझी किंग यांनीं त्यांस देशाचे शेतकीमंत्री केलें. १९२६ सालांतील सुमारें तीन महिन्यांचा खंड सोडतां ते १९३० पर्यंत त्या पदावर होते.

गव्हाचा तांबेरा

या काळांतलें त्यांचें एक काम आमच्या वाचकांस विशेष जवळचें वाटेल. पश्चिम कॅनडाची गव्हाची भरभराट ज्या 'मार्क्विस' जातीवर झाली तिचें आजोळ आपल्या देशांत आहे. 'रेड फाईफ' या तेथील गव्हाचा 'हार्ड रेड कलकत्ता' या हिंदुस्थानी गव्हाशीं संकर करून ती तयार झाली. चार्ल्स साँडर्स यांनीं १९०४ सालीं निवड करून तिची जोपासना केली. हिंदुस्थानी गव्हाचा लवकर पिकण्याचा गुण तींत उतरल्यामुळें थंडीच्या आधीं पीक हातीं येऊं लागलें. परंतु खोडावरील तांबेऱ्यास ही जात बळी पडे. १९१६ सालीं तांबेऱ्याची अशी सांथ आली कीं सुमारें दहा कोटी बुशेल गहूं बुडाल्याचा अंदाज झाला. बुशेल म्हणजे गव्हाचें सुमारें २७ किलो वजन.

मदरवेल यांच्या कारकीर्दींत या रोगाच्या अभ्यासासाठीं विनिपेग येथें १९२५ सालीं स्वतंत्र प्रयोगशाळा निघाली. रोगाचें शास्त्र जाणणारे व गव्हाची पैदास करणारे यांस तेथें एका छपराखालीं बसविण्यांत आलें. अशा कामास वर्षें लागतात व मंत्र्यांस तर पुढची निवडणूक दिसत असते. 'रिनाउन' ही तांबेऱ्यास दाद न देणारी जात त्या प्रयोगशाळेंतून बाहेर पडली ती १९३७ सालीं, म्हणजे मदरवेल यांनीं पद सोडल्याला सात वर्षें होऊन गेल्यावर. तांबेराही रूपें बदलतो, म्हणून तें काम पुढेंही चालूच ठेवावें लागलें.

एक चूक

चरित्रकारानें दोष झांकूं नयेत. ज्या पड टाकण्याच्या पद्धतीचा मदरवेल यांनीं आयुष्यभर प्रसार केला तींतच एक खोट होती. जमीन वर्षभर उघडी ठेवून वारंवार पाळ्या दिल्या म्हणजे तण मरे व ओल राही, हें खरें. पण माती पिठासारखी होई. १९३० नंतरच्या दुष्काळांत वारे सुटले तेव्हां हीच माती ढगांसारखी उडाली, कुंपणें गाडलीं गेलीं आणि हजारों कुटुंबें देशोधडीस लागलीं. १९३५ सालीं सरकारला जमिनीच्या पुनर्वसनाचें निराळें खातें काढावें लागलें. धसकटें वर राखून मशागत करावी, असें मग शिकविण्यांत आलें. पुढें तर नांगरट न करितां पेरणी करण्याची रीत रूढ झाली व पड टाकणें फारच कमी झालें. एका पिढीनें अनुभवानें मिळविलेलें ज्ञान दुसऱ्या पिढीस तपासून घ्यावें लागतें, आणि तें मोठ्या माणसानें सांगितलेलें असलें म्हणजे तर अधिकच.

उपसंहार

मदरवेल १९४० पर्यंत लोकसभेंत होते. १९४३ च्या मे महिन्याच्या २४ तारखेस, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षीं ते निवर्तले. त्यांचें अॅबरनेथीचें दगडी घर, गोठा व झाडांच्या रांगा कॅनडा सरकारनें १९६६ सालीं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंदविल्या.

आमच्या मतें त्यांचें खरें स्मारक म्हणजे स्टेशनावरची ती नोंदवही. एक चांगला कायदा १९०० सालींच झाला होता. त्यानें एकही वाघीण शेतकऱ्याच्या दारीं आली नाहीं. ती आली तेव्हां तिच्यामागें सभा होती, अर्ज होता, क्रमांक होता आणि क्रम मोडला असतां न्यायालयाची पायरी चढण्याची तयारी होती. आज आमच्या बांधवांस पिकाची नुकसानभरपाई, मोजणी, कर्ज अथवा पाण्याची पाळी यांसाठीं ज्या ज्या कचेरींत जावें लागतें तेथें तेथें अशी एक वही आहे. नांव निराळें असेल, आतां ती यंत्रांत असेल, पण आहे. अर्ज लेखी द्यावा, नकलेवर क्रमांक व तारीख घ्यावी, आणि आपल्या मागून आलेल्याचें काम आपल्या आधीं झालें तर कारण लेखी मागावें. असें विचारणारा मनुष्य टेबलापलीकडच्यास प्रथम त्रासदायक वाटतो, हें आम्ही त्या बाजूस बसलेलों असल्यामुळें जाणतों. काम मात्र त्याचेंच आधीं होतें.